सुट्टीत पाढे का गळतात?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, माझा मुलगा चौथीची परीक्षा देऊन आता पाचवीत जाईल. गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकांनी मला बोलावून घेतलं. हातच्याची वजाबाकी तो विसरला होता, सात-आठचे पाढे अडत होते, शुद्धलेखनात वेलांट्यांचा गोंधळ. गाडी रुळावर यायला जुलै उजाडला. यंदा तसं होऊ नये म्हणून पाचवीची पुस्तकं मी आत्ताच आणून ठेवली आहेत. आमच्या सोसायटीतल्या दोघीतिघींनी मुलांना सुट्टीतल्या क्लासला घातलंय, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. आमच्या घरी मात्र हे म्हणतात, "त्रेचाळीस डिग्रीत लेकराला कशाला पिदाडतेस, खेळू दे की." मधले वीस दिवस तो मंगळवेढ्याकडे आजीच्या गावी जाणार आहे. मी काय करू?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पाचवीची पुस्तकं कपाटात वरच्या फळीवर ठेवून द्या आणि जूनमध्येच खाली काढा. पुढचं अर्धवट शिकून गेलेलं मूल वर्गात "हे मला येतं" म्हणून कान बंद करतं आणि मग ते धड येतही नाही. असे कितीतरी हुशार चेहरे मी पाहिलेत. सुट्टीत हात लावायचा तो चौथीतल्या कच्च्या राहिलेल्या गोष्टींना.

तुमची काळजी मात्र खरी आहे. अमेरिकेतल्या हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या विषयावरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे सरकलेली दिसली. सगळ्यात जास्त गळती होती आकडेमोडीत आणि शब्दांच्या अचूक लेखनात. गणितातली समज त्या मानाने टिकून होती. वाचनाचं चित्र वेगळं होतं. मध्यमवर्गीय घरांतली मुलं सुट्टीत वाचनात थोडी पुढेच गेली होती आणि गरीब घरांतली मागे पडली होती. तिकडची सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची असते, आपली दोन मेपासून जूनच्या मध्यापर्यंत, साधारण सहा आठवड्यांची. त्यामुळे तो 'महिना' जसाच्या तसा आपल्याला लावू नका. पण काय गळतं आणि काय टिकतं, ते मी आमच्या महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं दर जूनमध्ये डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते याहून फार वेगळं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी पुस्तक उघडायची नाही. वीस गणितं आणि पाच ओळींचं श्रुतलेखन, बस्स. दरवर्षी अडायचं ते त्याच त्याच ठिकाणी. ४०० वजा १६७ घातलं की निम्मा वर्ग ३६७ लिहायचा. शून्यातून सात जात नाहीत, मग सातच लिहून टाकायचे. सहाचंही तसंच. पाढ्यांत सात आणि आठ, शिवाय तेरापासून एकोणीसपर्यंतचे. लिहिण्यात रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ. याउलट 'कुणाकडे जास्त आहे, वाटणी कशी करायची' असल्या तोंडी प्रश्नाला हीच मुलं पटकन उत्तर द्यायची. मूल डोक्यानं मठ्ठ होऊन परत येत नसतं. ज्या गोष्टी हाताला आणि जिभेला रोज लागतात तेवढ्याच सुटलेल्या असतात.

हे मला डी.एड.च्या पुस्तकानं नाही शिकवलं. मी तिसरीत होते, तेव्हाच्या सुट्टीनं शिकवलं. माझी आई विड्या वळायची. त्या उन्हाळ्यात तिचा हात दुखावला होता, म्हणून दोन महिने मी तिच्या सुपाशेजारी बसून होते. वळलेल्या विड्या मोजायच्या, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायच्या. हजार विड्यांच्या चाळीस जुड्या. कारखान्यात विड्या तपासून घेताना 'छाट' काढायचे, म्हणजे नापास विड्या. आज साठ छाट गेल्या तर उद्या किती जास्त वळायच्या, हजाराची मजुरी इतकी तर सातशे पन्नासाची किती, हे सगळं माझ्याकडे. आईला अक्षरओळख नव्हती, पण माझा हिशेब चुकला की तिला न बघताच कळायचं. जूनमध्ये शाळेत गेले तेव्हा हिशेबात वर्गात सगळ्यांच्या पुढे होते. आणि पहिल्याच श्रुतलेखनात 'वर्ष' हा शब्द कसा लिहायचा ते आठवेना. पेन्सिल धरून बसले आणि रडू फुटलं. दोन महिन्यांत एक अक्षर लिहिलं नव्हतं, एक ओळ वाचली नव्हती. कुणाच्याही लेकराला सुपाशी बसायची वेळ येऊ नये, हे मी मनापासून म्हणते. पण वापरलं ते राहिलं आणि नाही वापरलं ते गेलं, एवढं त्या एका सुट्टीत माझ्यापुरतं सिद्ध झालं.

तेव्हा, ताई, चार तासांचा क्लास नको. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरेत, तीही सकाळी सातच्या आत-बाहेर, गच्चीवर किंवा पोर्चमध्ये. सोलापूरच्या मे महिन्यात अकरानंतर मोठ्या माणसाचं डोकं चालत नाही, तिथे दहा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षा कसली करायची? दुपारी त्याला झोपू दे, पत्ते-कॅरम खेळू दे. पण रोज म्हणजे रोज. रविवारी अडीच तास बसवून आठवड्याचं उट्टं काढलं तर ते टिकत नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि एकदाच घोकण्यापेक्षा दिवसांचं अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते.

सुरुवात करायची ती तपासून. पहिल्या दिवशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशी वीस गणितं द्या आणि चुकली तेवढीच वेगळी काढा. येणारी पुन्हा पुन्हा करून घेऊ नका, त्यानेच मुलं वैतागतात. वजाबाकी अडत असेल तर पाटीवर न समजावता हातात नोटा द्या. व्यापाराच्या खेळातल्या चालतील. शंभराच्या चार नोटा त्याच्याकडे, १६७ रुपये तुम्हाला द्यायचे. सुट्टे नाहीत म्हटल्यावर तो एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा घेईल. त्यातली एक मोडून दहा सुट्टे रुपये घेईल. आता त्याच्याकडे तीन शंभर, नऊ दहाच्या आणि दहा सुट्टे. 'वरच्या शून्याचे नऊ का होतात' हे त्याला हातानं कळतं. २३३ उरले की मग वहीत मांडायचं. दोन-तीनदा एवढं केलं तर हातचा बहुधा परत सुटत नाही.

पाढे एका सुरात म्हणून घेणं चांगलंच, पण तेवढ्यावर थांबू नका. "छप्पन्न कुणाकुणाच्या पाढ्यात येतात?" असं उलटं विचारा. सात, आठ, चौदा, अठ्ठावीस. भाजी निवडताना विचारा, स्कूटरवर विचारा. आणि आमच्या आजोबांच्या पिढीतली पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, सगळी पाठ करायची गरज नाही, पण त्यातले शब्द सोडू नका. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे. मंगळवार बाजारात 'पावणेदोनशे' म्हटल्यावर १७५ न समजणारी सातवीतली मुलं आहेत. पाव, अर्धा, पाऊण हे मुलाच्या कानावर रोज पडतं आणि वर्गात एक-चतुर्थांश समोर आलं की तेच परकं वाटतं. शेंगाची चटणी करताना त्याला वजनकाट्यापाशी बसवा. एक किलो दाण्यांना इतकं तिखट, इतका लसूण, तर पाऊण किलोला किती? चटणी उखळात कुटायलाही त्याच्याच हातात द्या, म्हणजे बसून राहील.

आपल्या शहरात हिशेबाचा आणखी एक विषय आहे, आणि तो मुलांना न शिकवता कळतो : पाणी. तुमच्याकडेही नळाला पाणी काही दिवसांआडच येत असणार. हजार लिटरची टाकी, चार दिवस पुरवायची, घरात पाच माणसं. रोजचे किती? २५०. माणशी? ५०. पंधरा लिटरच्या बादल्या किती होतील? सोळा, आणि दहा लिटर उरले. बाकीचा अर्थ काय, हे पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा त्या अर्ध्याअधिक भरलेल्या सतराव्या बादलीनं जास्त चांगलं कळतं. टाकीला बाहेरून पट्टी लावून रोज संध्याकाळी किती खाली गेली ते त्याला मोजून लिहू द्या. महिन्याअखेर आलेख काढायला आयता माल मिळतो.

गावाकडच्या वीस दिवसांची चिंता तर अजिबात करू नका. वही-पेन्सिल फक्त बरोबर द्या. मंगळवेढ्याची ज्वारी, मालदांडी म्हणून सगळीकडे जाते, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आजीला विचारायला सांगा, शेर म्हणजे किती, पायली म्हणजे किती, पोत्यात किती पायल्या बसतात. मग घरातल्या काट्यावर एक शेर ज्वारी तोलून बघायची. रोज रात्री तीन ओळी लिहायच्या. निबंध नाही, तीनच ओळी : आज काय पाहिलं, काय मोजलं, आजीचा एक नवीन शब्द. तुम्ही आठवड्यातून एकदा त्याला पोस्टकार्ड लिहा आणि उत्तरही पोस्टकार्डावरच मागा. त्यातल्या चुकांवर लाल रेघ मारू नका. तुमच्या पुढच्या कार्डात तोच शब्द बरोबर लिहून पाठवा. मी माझ्या भाचीला असंच 'दुपार' शिकवलं, ती 'दूपार' लिहायची. तिसऱ्या कार्डाला उकार आपोआप ऱ्हस्व झाला.

परत आल्यावर सकाळच्या गारव्यात एक दिवस त्याला भैया चौकात डॉक्टर कोटणीसांच्या स्मारकाला न्या. तिथलं हे एक गणित मी दरवर्षी घालायची. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात जन्मले १० ऑक्टोबर १९१० रोजी. वैद्यकीय पथकाबरोबर चीनला निघाले सप्टेंबर १९३८ मध्ये. तेव्हा त्यांचं वय किती? सगळा वर्ग ओरडायचा, अठ्ठावीस! मग एखादी मुलगी हळूच म्हणायची, "बाई, वाढदिवस यायचा होता ना अजून?" सत्तावीस. आणि ९ डिसेंबर १९४२ ला ते चीनमध्येच गेले, तेव्हा बत्तीस पूर्ण. हे उत्तर आलं की वर्ग एकदम गप्प व्हायचा. कारण बत्तीस म्हणजे त्यातल्या कित्येकांच्या वडिलांचं वय.

आणि हो, त्याच्या बाबांना सांगा, त्यांचंही बरोबर आहे. वीस मिनिटं सोडून उरलेला सगळा दिवस खेळाचाच आहे.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. आम्ही पूर्व भागात राहतो, घरी तेलुगूच बोलतो. आई विड्या करते, अण्णा टॉवेलच्या कारखान्यात. माझा धाकटा भाऊ मराठी शाळेत दुसरीत जाईल. शाळा असली की मराठी वाचतो, पण सुट्टी लागली की आजूबाजूला सगळे तेलुगू आणि जूनमध्ये त्याचं मराठी अडखळतं. आकडे तर उलटेच लिहितो. शेजारचे म्हणतात, घरात तेलुगू बंद करा. क्लासला पैसे नाहीत.
– एक ताई, अशोक चौकाजवळून

उत्तर : बाळ, आधी एक गोष्ट : घरातली तेलुगू बंद करू नका. ज्याला आईच्या भाषेत गोष्ट नीट सांगता येते त्याला दुसऱ्या भाषेत ती सांगायला फक्त शब्द लागतात. ज्याला कुठल्याच भाषेत सांगता येत नाही त्याचं काम खरं अवघड. माझ्या वर्गात निम्मी मुलं तुमच्या भागातली होती, त्यांच्यामुळे मी थोडी तेलुगू शिकले आणि मगच मला त्यांच्या चुका कळायला लागल्या.

आकड्यांचंच घे. तेलुगूत बत्तीसला 'मुप्पै रेंडु' म्हणतात, तीस आणि मग दोन. जसं ऐकू येतं तसंच ३२ लिहायचं. मराठीत 'बत्तीस' म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि तीस नंतर. तुझा भाऊ कानाला इमानदार आहे, म्हणून तो २३ लिहितो. 'एकोणसाठ' तर आणखी अवघड, त्यात पन्नासाचा मागमूसच नाही. ही अडचण मराठी घरांतल्या मुलांनाही येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला! मला स्वतःला आपले जुने शब्द प्रिय आहेत, पण लहान मुलाला पायरी म्हणून ती पद्धत फार उपयोगी पडते हे मी वर्गात वापरून पाहिलं आहे. तू असं कर : त्याला आधी तेलुगूत म्हणू दे 'मुप्पै रेंडु', मग 'तीस दोन', मग 'बत्तीस', आणि मग लिहू दे. रोज पाचच आकडे. दारांवरचे घरनंबर, गाड्यांच्या पाट्या, दुकानातले भाव, कुठलेही.

दुसरं, तो 'ती पुस्तक' किंवा 'मोठा चादर' म्हणत असेल तर हसू नका. तेलुगूत वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा घोळ नसतो. मराठीत मात्र तो टॉवेल, ती चादर, ते सूत. तुमच्या घरात तिन्ही लिंगं अण्णांच्या डब्याबरोबरच येतात! वस्तूवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'हा टॉवेल ओला', 'ही चादर ओली', 'हे सूत ओलं'. ज्या मुलांनी खेळ म्हणून महिनाभर हे केलं त्यांची लिंगं जूनमध्ये बरीच सरळ झालेली मी पाहिली आहेत.

वाचनाला पैसे लागणार नाहीत. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे मुलांच्या चित्रकथा फुकट वाचता येतात, मराठीतही आणि तेलुगूतही. कितीतरी गोष्टी दोन्ही भाषांत आहेत. घरातल्या मोबाइलवर आधी तेलुगू गोष्ट आजीला किंवा आईला मोठ्यानं वाचून दाखव, विड्या वळताना त्याही ऐकतील. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीत भावाकडून वाचून घे. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे त्याला शब्द ओळखणं सोपं जाईल. अडलेला शब्द तीन श्वास थांबून मग सांगून टाक, अक्षर-अक्षर फोडायला लावू नकोस. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये विनामूल्य आहेत. पहिलीचं पुस्तक त्याच्याकडून पुन्हा वाचून घे. सोपं म्हणून सोडू नकोस. सोपं भराभर वाचता आलं की मुलाची छाती फुगते आणि पुढचं पुस्तक तो आपणहून मागतो.

शाळा बंद व्हायच्या आधी तुझ्या शाळेतल्या जुन्या बाईंना भेटून शाळेच्या ग्रंथालयातली दहा पुस्तकं सुट्टीपुरती मागून बघ. कुलपात पडून राहणारी पुस्तकं द्यायला बहुतेक शिक्षक तयार असतात, फक्त विचारणारं कुणी लागतं. तुमच्या गल्लीतल्या चार मुलांत ती फिरवा. आणि तुझाही अकरावीचा अभ्यास आहे, तेव्हा भावाला अर्ध्या तासाच्या वर देऊ नकोस. त्याची सगळी जबाबदारी तुझ्यावर नाही.

प्रश्न : मी यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत काम करतो, आठवी शिकलोय. मुलगी सहावीत जाईल. तिचं गणित मला येत नाही. मी तिचा अभ्यास कसा घ्यावा?
– एक वडील, अक्कलकोट रोड

उत्तर : दादा, तुम्हाला गणित आलं नाही तरी चालेल. तिला म्हणा, "मला शिकव." दिवसातून एक गणित तिनं तुम्हाला समजावून सांगायचं आणि तुम्ही फक्त दोन प्रश्न विचारायचे : "हे कसं काढलंस?" आणि "दुसऱ्या रीतीनं येतं का?" समजावताना ती जिथे अडेल तिथेच तिचं कच्चं आहे, ते तिला स्वतःलाच कळेल. उत्तर बरोबर आहे का, ते पुस्तकाच्या मागे बघून तीच ठरवेल. लाजू नका. बापाला शिकवताना मुलं जेवढी नीट विचार करतात तेवढी कुणासमोरच करत नाहीत.

आणि तुमच्या हातातलं गणित तिला द्या. मागावर तासाला किती टॉवेल उतरतात, बारा तासांत किती, मधे धागा तुटून माग पाऊण तास बंद पडला तर किती कमी, डझनाचा दर इतका तर आठवड्याची मजुरी किती. सहावीला दशांश अपूर्णांक आणि गुणोत्तर येणार आहे, ते सगळं यात आहे. तिला एक दोनशे पानी वही घेऊन द्या. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात सकाळी घरी आल्यावर, आंघोळीआधी, दहा मिनिटं तिच्याशेजारी बसा आणि आदल्या रात्रीचे आकडे तिला सांगा. मांडणी ती करेल.